चुकीनें मिळालेलें यश

न्हावा आणि शेवा हीं मुळांत दोन निराळीं गांवें. परंतु १९८९ सालीं तेथें मोठें बंदर सुरू झाल्यापासून जगाच्या व्यवहारांत त्यांचें एकच जोडनांव रूढ झालें आहे. माझा थोरला मुलगा या बंदरांत नोकरीला असल्यामुळें कॉलेजच्या सुट्यांत आम्हां उभयतांचा मुक्काम बहुधा तिकडेच असतो. गेल्या हिवाळ्यांत अशाच एका मुक्कामांत जवळच्या एका शाळेच्या मल्लखांब-स्पर्धांचीं बक्षिसें वांटण्यासाठीं मला बोलावणें आलें. मल्लखांबांतलें मला कांहींच कळत नाहीं, असें मीं सांगून पाहिलें. पण प्रमुख पाहुण्याला कांहीं कळावें अशी अपेक्षा आपल्याकडे फारशी नसते, तेव्हां माझी सबब टिकली नाहीं.

पटांगणाच्या मध्यभागीं सागवानी खांब पुरलेला होता. जमिनीपासून साधारण आठ-साडेआठ फूट उंच. खालीं जाड, वर निमुळता होत गेलेला. शेवटीं बारीक मान आणि मानेवर गोल बोंड. अंगाला एरंडेल चोळलेलें. मुलें एकामागून एक येत, खांबाला नमस्कार करीत, धांवत जाऊन उडी घेत आणि क्षणांत त्याला वेलीसारखीं बिलगत. अढी, तिढी, बगली, दसरंग, फरारा, सुईदोरा हीं नांवें शेजारीं बसलेले एक गृहस्थ मला हलक्या आवाजांत सांगत होते. नांवें मला लवकरच पाठ झालीं, कारण पाठांतर हा माझा धंदाच आहे. पण एखादा मुलगा त्या एवढ्याशा बोंडावर पोट टेकून हातपाय पसरी आणि तसाच स्थिर राही, तेव्हां पाहणाराच्या पोटांत जें कालवे त्याला मात्र नांव नव्हतें. तिसरें पदक बारा वर्षांच्या एका सडपातळ मुलाला मिळालें. तें मीं त्याच्या गळ्यांत घातलें. त्याच्या तळहाताचा एरंडेलाचा चिकटपणा माझ्या हाताला लागला, आणि घरीं येईपर्यंत त्याचा वास गेला नाहीं.

दिवेलागणीला दारावर थाप पडली. त्या मुलाचे वडील होते. बंदरांतल्या क्रेनवर काम करणारे, चाळिशीच्या आंतबाहेरचे गृहस्थ. बसा म्हटलें तरी बसले नाहींत.

"सर," ते म्हणाले, "तुमच्या हातानं पदक दिलंत म्हणून तुमच्याकडंच आलो. पोराला ते चुकून मिळालंय. चौथ्या नंबरच्या मुलाच्या गुणांची बेरीज चुकली होती. खरा तिसरा तो. शाळेतल्या सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता जाहीर झालंय, आम्हांला बदलता येत नाय. तुम्हांला वाटत असंल तर तुम्ही परत करा." आणि जरा थांबून, "पोरानं काय चोरलं नाय, सर. पण ठेवायचं तरी कसं?"

घरांत या प्रश्नाचा एक निकाल अगोदरच लागून गेला होता, असें पुढच्या बोलण्यावरून कळलें. मुलाच्या आजोबांचें मत, पदक ठेवावें. त्यांनीं त्याचें कारणही दिलें होतें: "आमच्या शेताची मोजणी चुकली तेव्हा परत द्यायला कोण आलं होतं?" या भागाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रश्न उर्मट वाटणार नाहीं. बंदरासाठीं आणि नव्या शहरासाठीं येथील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनांत गोळीबार होऊन पांच जण मृत्यु पावले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें धोरण त्यानंतर आलें. ज्याचें आयुष्य दुसऱ्यांनीं केलेल्या मोजमापांवर गेलें, तो म्हातारा नातवाच्या वांट्याला आलेली एक अनुकूल चूक सहजासहजीं कां सोडील?

मीं त्या गृहस्थांना उत्तर दिलें तें एका अमेरिकन कसरतपटूच्या हकीकतीवरून. ही हकीकत मी माझ्या नीतिशास्त्राच्या वर्गांत कित्येक वर्षें सांगत आलों आहें, म्हणून ती जिभेवर तयार होती.

पॉल हॅम याचा जन्म १९८२ चा, विस्कॉन्सिन संस्थानांतला. त्याला मॉर्गन नांवाचा जुळा भाऊ. दोघेही लहानपणापासून कसरतीच्या नादीं लागले, आणि वडिलांनीं त्यांच्यासाठीं घरच्या घरीं साधनें तयार केलीं. झाडाच्या ओंडक्याला गादी बांधून त्याचा घोडा केला. (आपल्याकडे गांवोगांवच्या तालमींत मल्लखांबाचा खांब असाच तयार झालेला आहे. झाड आणि हौस या दोन गोष्टी असल्या म्हणजे साधनांची वाण कोठेंच पडत नाहीं.) वयाचीं अठरा वर्षें पुरीं होण्याच्या सुमारास हे दोघे भाऊ २००० सालच्या सिडने येथील ऑलिंपिकमध्यें उतरले. २००३ सालीं ॲनाहाइम येथें पॉल सर्वसाधनांच्या कसरतींत जगज्जेता झाला. त्यापूर्वीं कोणाही अमेरिकन पुरुषाला हा मान मिळाला नव्हता.

पुढचें वर्ष अथेन्सच्या ऑलिंपिकचें. १८ ऑगस्ट २००४ च्या रात्रीं सर्वसाधनांची अंतिम स्पर्धा झाली. पुरुषांना सहा साधनें करावीं लागतात: जमिनीवरील कसरत, घोडा, रिंग्ज, उडी, डबलबार आणि सिंगलबार. तीन साधनें झालीं तेव्हां हॅम पहिला होता. चौथें साधन उडीचें. उडी मारून उतरतांना त्याचा तोल गेला आणि तो कडेला परीक्षकांच्या टेबलाजवळ जाऊन आदळला. गुण पडले ९.१३७, आणि पहिल्या क्रमांकावरून तो एकदम बाराव्यावर गेला. कसरतीच्या या वरच्या पायरीवर एवढी घसरण म्हणजे स्पर्धा संपल्यासारखेंच. पण त्यानें डबलबारवर ९.८३७ गुण मिळविले, सिंगलबारवर पुन्हां तितकेच मिळविले, आणि शेवटची बेरीज ५७.८२३ झाली. दुसरा आलेला कोरियाचा किम दे-उन ५७.८११ वर राहिला. अंतर एका गुणाच्या शंभराव्या भागाहून किंचित् अधिक! तिसरा आला कोरियाचाच यांग ते-यंग, ५७.७७४.

यानंतर चूक उघडकीस आली. त्या काळच्या पद्धतीप्रमाणें प्रत्येक कसरतीला तिच्या काठिण्यावरून एक कमाल अंक अगोदर ठरवीत आणि मग त्यांतून दोषांबद्दल वजावट करीत. यांगच्या डबलबारवरील कसरतीचा हा मूळ अंक १० असावयास हवा होता. परीक्षकांनीं तो ९.९ धरला. म्हणजे यांगचा एक दशांश गुण बुडाला. तो मिळवला तर त्याची बेरीज ५७.८७४ होते, आणि सुवर्णपदक त्याचें ठरतें. आंतरराष्ट्रीय संघटनेनें तीन परीक्षकांना निलंबित केलें, पण निकाल बदलला नाहीं. उलट तिचे अध्यक्ष ब्रुनो ग्रांदी यांनीं हॅमच्या नांवें एक पत्र लिहिलें. त्याचा मथितार्थ असा कीं, खरा विजेता यांग आहे; तुम्ही आपण होऊन पदक परत केलें तर तें खिलाडूपणाचें थोर कृत्य होईल. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीनें तें पत्र हॅमच्या हातीं देण्यासही नकार दिला. प्रकरण लोझान येथील क्रीडा-न्यायपीठापुढें गेलें, आणि २१ ऑक्टोबर २००४ रोजीं कोरियाची तक्रार फेटाळली गेली: ती वेळेवर केली नव्हती, आणि परीक्षकांचा लबाडीचा हेतु नसेल तर खेळाच्या मैदानावरील निर्णय मागाहून उकरून काढतां येत नाहींत.

या प्रकरणांत पुष्कळांना हॅमचें वर्तन कोतेपणाचें वाटलें. माझा कल प्रथमपासून त्याच्या बाजूनें आहे, आणि त्याचीं कारणें दोन आहेत.

पहिलें कारण त्या पत्रासंबंधीं. चूक केली परीक्षकांनीं, ती दुरुस्त करण्याचा अधिकार असला तर संघटनेचा. आणि तो अधिकार वापरण्याचें धैर्य नाहीं म्हणून तिनें एकवीस वर्षांच्या एका तरुणाला औदार्य दाखविण्याची विनंति केली. औदार्य ही मोठी गोष्ट आहे, पण ती मागून घेतां येत नाहीं. मागून घेतलें कीं तिची खंडणी होते. पदक दिलें तर हॅम थोर, न दिलें तर तो लोभी. आणि ज्यांनीं अंक चुकविला ते दोन्ही पक्षीं मोकळे. स्वतःचें ऋण दुसऱ्याच्या सद्गुणांतून फेडण्याची ही युक्ति संस्थांना फार आवडते.

दुसरें कारण अधिक खोल आहे. समजा, यांगचे गुण त्याच क्षणीं बरोबर पडले असते. डबलबार हें त्या दोघांचेंही पांचवें साधन होतें. सहावें अजून उरलें होतें. आघाडीवर असलेला यांग सिंगलबारवर तशीच कसरत करता काय? मागें पडलेला हॅम तीच करता काय? कोणीच सांगूं शकणार नाहीं. पुढें आहों हें कळल्यावर मनुष्याचे हात थरथरतात, किंवा उलट स्थिरही होतात. जमाखर्चाच्या वहींत मागील पानावरची चूक खोडून पुढील बेरजा सुधारतां येतात. घडून गेलेल्या जीवनांत तसें करतां येत नाहीं, कारण त्या चुकीवरच पुढचें जीवन उभें राहिलेलें असतें. शिवाय एक चूक काढावयाची तर सर्वच काढाव्या लागतील. चित्रफीत पुन्हां पाहतां असें आढळून आलें कीं, यांगनें त्याच कसरतींत नियमापेक्षां एक थांबा अधिक घेतला होता, आणि त्याची वजावट परीक्षकांच्या नजरेंतून सुटली होती; ती केली तर तो पुन्हां मागें पडतो. चुकांचा हिशेब एकदां उघडला कीं तो आपल्या सोयीच्या ठिकाणीं मिटतां येत नाहीं.

हॅमला या यशाचा आनंद किती दिवस लाभला असेल? पांच दिवसांनीं सिंगलबारची अंतिम स्पर्धा होती. त्याच्या आधीं रशियाचा अलेक्सेइ नेमोव्ह खेळला. त्याला कमी गुण पडल्याचें पाहून प्रेक्षकांनीं इतका गोंगाट केला कीं, कित्येक मिनिटें खेळ थांबला. परीक्षकांनीं त्याचे गुण थोडे वाढविले, तरीही गोंगाट चालूच. शेवटीं नेमोव्हनेंच उभें राहून लोकांना शांत होण्याची खूण केली. हा सर्व वेळ हातांना खडू लावून खालीं ताटकळत उभा होता तो हॅम. परीक्षकांवर संतापलेल्या त्या मंडपांत, परीक्षकांच्या चुकीनें जिंकलेला म्हणून गाजत असलेला हा तरुण बारवर चढला आणि त्यानें रौप्यपदक मिळविलें. मला त्याच्या सुवर्णापेक्षां या रौप्याचें मोल अधिक वाटतें. पुढें २००८ च्या ऑलिंपिकपूर्वीं त्याच्या हाताचें हाड मोडलें आणि त्याला माघार घ्यावी लागली; मधून परत येण्याचा प्रयत्न करून २०१२ सालीं, तिशी गांठण्यापूर्वींच, त्यानें खेळ सोडला. ज्या विद्येसाठीं वीसएक वर्षें झिजावें, तिचें फळ हातीं येण्याचा काळ एवढासाच. आणि त्या फळावरही दुसऱ्याच्या बेरजेचा डाग. जिम्नॅस्टिक्सच्या संघटनेनें २००६ पासून दहा गुणांची ती जुनी पद्धतच मोडीत काढली.

हें सर्व थोडक्यांत सांगून मीं त्या गृहस्थांना म्हटलें, "पदक ठेवा. चूक तुमच्या मुलाची नाहीं. ज्यांनीं बेरीज केली त्यांनीं ती निस्तरावी." त्यांनीं मान हलविली आणि नमस्कार करून ते गेले. त्यांचें समाधान झालें, असें मात्र मला वाटलें नाहीं; आणि खरें सांगावयाचें तर माझेंही झालें नव्हतें.

त्या रात्रीं झोंप लवकर आली नाहीं. प्रथम मनांत आलें तें असें कीं, हा सारा घोटाळा गुण देण्याच्या रीतीनें उत्पन्न केला. जुन्या तालमींत हा प्रश्न उद्भवलाच नसता. मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकांतल्या सोमेश्वर चालुक्याच्या मानसोल्लासांत सांपडतो. पण आज आपण ज्याला मल्लखांब म्हणतों त्या विद्येचे प्रवर्तक म्हणून मान दिला जातो तो दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांना. निजामाच्या मुलखांतून अली आणि गुलाब असे दोन पैलवान पुण्यास आले; त्यांना तोंड देण्यासाठीं बाळंभटदादा वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन राहिले; तेथें झाडांवर खेळणारीं वानरें पाहून त्यांना ही विद्या सुचली, आणि परत येऊन त्यांनीं अलीला चीत केलें, ही आख्यायिका प्रत्येक आखाड्यांत सांगतात. तींत इतिहास किती आणि भक्ति किती, याची छाननी करण्याचें येथें कारण नाहीं. मला तींतली एवढीच गोष्ट लक्षांत घेण्यासारखी वाटते कीं, त्या कथेंत पंच नाहींत. पाठ मातीला लागली कीं निकाल झाला.

खांबाचेंही तेंच आहे. एरंडेल लावलेलें सागवान कोणाची भीडमुर्वत ठेवीत नाहीं. मांडीची पकड ढिली पडली कीं मुलगा घसरून खालीं येतो. त्या निकालावर अपील नाहीं, आणि त्यांत चूकही संभवत नाहीं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें (हें मंडळ १९१४ चें) पथक १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं गेलें, तें स्पर्धेसाठीं नव्हे. मल्लखांबासारखे आपले देशी प्रकार जगाला दाखविण्यासाठीं. ऑलिंपिकच्या इतिहासांत ज्या वेळीं गुण, ध्वज आणि वंश यांची सर्वांत अधिक मोजदाद चालली होती, त्याच वेळीं हे वऱ्हाडांतले लोक तेथें नुसती कसरत करून दाखवीत होते, आणि त्यांच्या अढीला कितवा क्रमांक, हें विचारणारा तेथें कोणी नव्हता. या चित्राचा मोह मला फार पडतो. पुढें १९५८ सालीं राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांत मल्लखांब आला, १९८१ मध्यें त्याची देशव्यापी संघटना झाली, आणि २०१९ च्या फेब्रुवारींत दादरच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली. म्हणजे या शेंकडों वर्षांच्या खांबाला राष्ट्रीय स्पर्धांचे गुण चिकटून अजून सत्तर वर्षेंही व्हावयाचीं आहेत.

पण हा मोह रात्रीपुरताच ठीक. गुण नव्हते तेव्हां न्याय होता, असें थोडेंच आहे? वस्तादाची मर्जी होती, आश्रयदात्याची लहर होती, आणि तालमीच्या उंबऱ्यावर पाऊल कोणी ठेवावें हें पुष्कळदां जन्मावरच ठरत होतें. ज्याच्या मागें कोणी नाहीं अशा पोरानें चांगली कसरत केली, तर ती चांगली आहे असें दहा माणसांसमक्ष कागदावर लिहून देण्याची सक्ति गुणांनींच परीक्षकांवर केली. क्रेनवर काम करणाऱ्याच्या मुलाला आणि मुख्याध्यापकाच्या मुलाला एकच मोजपट्टी, हा कांहीं लहान लाभ नव्हे. म्हणूनच ती पट्टी वांकडी लागली कीं दुखतें. खिडकींतून बंदरांतले उंच दिवे दिसत होते. तेथें जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचें खरें वजन अगोदर पडताळून कळविलेंच पाहिजे, असा १ जुलै २०१६ पासून साऱ्या जगाचा नियम आहे, कारण एकाचें वजन खोटें असलें तर सबंध जहाज कलतें. तेथें वजन चुकलें तर पुन्हां करतात. त्यांत कोणाची अब्रू जात नाहीं. चूक झाली म्हणण्याची लाज वाटते ती माणसांचें वजन करणारांना.

येथें आल्यावर मला माझ्या उत्तरांतली खोंच दिसली. हॅमच्या प्रकरणांतली चूक आणि या मुलाच्या प्रकरणांतली चूक एका जातीच्या नाहींत. तेथें चुकीनंतर सहावें साधन झालें. दोघेही त्या चुकीच्या छायेंत खेळले. ती काढून टाकली तर काय उरेल हें देवालाही सांगतां आलें नसतें. येथें सर्व मुलांच्या कसरती संपल्या होत्या. परीक्षकांनीं दिलेले गुणही बरोबर होते. चुकली ती निव्वळ बेरीज. बेरीज पुन्हां करतां येते. पुन्हां केल्यावर पदक कोणाचें, याविषयीं कसलाही संशय उरत नाहीं. ज्या युक्तिवादानें हॅमचें पदक त्याचें राहतें, त्याच युक्तिवादानें या मुलाचें पदक दुसऱ्याचें ठरतें. शाळेनें तें उघडपणें मागून घ्यावयास हवें होतें, आणि तें न करतां बापाच्या सदसद्विवेकावर भार टाकला, हा दोष शाळेचाच; पण शाळेच्या दोषानें पदकाचा मालक बदलत नाहीं. एवढा साधा फरक नीतिशास्त्राच्या प्राध्यापकाला तेथल्या तेथें कां दिसूं नये?

त्याचें कारण मला ठाऊक आहे, आणि तें लिहिल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं.

वीस-बावीस वर्षांपूर्वीं मी एका विद्यापीठाच्या परीक्षेंत, नीतिशास्त्राच्याच पेपराचा, परीक्षक होतों. त्या वर्षीं त्या विषयाचें पारितोषिक दोन गुणांच्या फरकानें एका उमेदवाराला मिळालें. चार-पांच महिन्यांनीं टेबलाचा खण आवरतांना माझ्या टिपणाचा कागद हातीं आला. प्रत्येक उत्तरपत्रिकेचे प्रश्नवार गुण स्वतःपुरते लिहून ठेवण्याची मला संवय होती. एका आसनक्रमांकापुढें पुरवणींतल्या शेवटच्या प्रश्नाचे अकरा गुण लिहिलेले होते, पण बेरजेंत ते धरले गेले नव्हते. ते धरले असते तर पारितोषिक त्या उमेदवाराचें होतें. अक्षर माझें, बेरीज माझी.

मीं कोणालाही कळविलें नाहीं. कारणें पुष्कळ सुचलीं. निकाल लागून गेला आहे. ज्याला पारितोषिक मिळालें त्या मुलाचा कांहीं अपराध नाहीं. विद्यापीठाची नाचक्की होईल. एका पारितोषिकानें कोणाचें आयुष्य बनत नाहीं कीं बिघडत नाहीं. त्याच सुमारास मी वर्गांत गीतारहस्य शिकवीत होतों. टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेला आणि १९१५ मध्यें प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आमच्या पिढीच्या हातीं आला तो वडिलांच्या कपाटांतून. त्यांतली फलाशेच्या त्यागाची चर्चा मी तासन् तास करीं. फळावर दृष्टि ठेवूं नये, हें मी मुलांना समजावून देत होतों, आणि मनांत त्या अकरा गुणांवर तीच वाक्यें पांघरूण म्हणून घालीत होतों. स्वतःच्या फळाविषयीं निरिच्छ होण्याचा उपदेश कोणालाही करावा. पण दुसऱ्याचें फळ आपल्या हातून हरवलें असतां त्याविषयीं निरिच्छ राहणें, याला वैराग्य म्हणत नाहींत. त्याला साधें मराठी नांव आहे, आणि तें मला वर्गांत कधीं आठवलें नाहीं. हॅमची हकीकत मी इतक्या आवडीनें कां सांगत आलों, हेंही त्या रात्रीं मला उमगलें. ती सांगतांना माझें सारें लक्ष पदक ठेवणाऱ्याला निर्दोष ठरविण्याकडे असे. निलंबित झालेल्या त्या तीन परीक्षकांपाशीं मी एका वाक्याहून अधिक कधीं थांबलों नाहीं. आज वर लिहितांनाही थांबलों नाहीं, हें वाचकांनीं पाहिलेंच असेल.

ते तिघे त्या रात्रीं घरीं जाऊन काय करीत असतील? यांगचें नांव, चेहरा, देश सर्व त्यांना ठाऊक होतें. वर्तमानपत्रांनीं तें रोज त्यांच्यासमोर धरलें. माझी शिक्षा त्या मानानें अगदीं हलकी. मला केवळ एक आसनक्रमांक ठाऊक आहे. तो मुलगा होता कीं मुलगी, हेंही मला माहीत नाहीं.

सकाळीं उठून मी त्या गृहस्थांच्या घरीं गेलों. आदल्या दिवशींचें मत मागें घ्यावयाचें होतें, आणि त्यासाठीं बेरजेची चूक व निर्णयाची चूक यांतला भेद सोप्या भाषेंत कसा मांडावा याची वाटेनें जुळवाजुळव चालली होती. त्याचा उपयोग झाला नाहीं. मुलगा पहाटे सरावाला गेला होता आणि जातांना पदक घेऊन गेला होता. दुसरा मुलगाही तेथेंच सरावाला येतो, त्याला तें देऊन तो परतही आला होता. त्याला कोणी सांगितलें, असें मीं वडिलांना विचारलें. "कुणी नाय," ते म्हणाले. "मी तर तुमचंच सांगितलं होतं त्याला, की ठेव म्हणून." मुलाला विचारलें तर तो म्हणाला, "त्याचा फरारा मी बघितलावता, सर. लय येळ धरलावता त्यानं." यापलीकडे त्याला या विषयांत बोलण्यासारखें कांहीं दिसलें नाहीं, आणि तो आंघोळीला गेला. आजोबा ओटीवर बसले होते. ते माझ्याशीं नीट बोलले, चहाचा आग्रह केला. नातवाशीं मात्र सकाळपासून बोलत नाहींत, असें घरांतून कळलें. शाळेनें पुढें काय केलें, तें मीं विचारलें नाहीं.

पुण्यास परत आल्यावर मीं तो जुना कागद काढला. विद्यापीठाला एक पत्र लिहिलें. त्यांत वर्ष, विषय, आसनक्रमांक आणि बेरजेंत राहिलेले अकरा गुण एवढेंच लिहिलें, बरोबर कागदाची नक्कल जोडली आणि तें रजिस्टर्ड पोष्टानें पाठविलें. मित्रमंडळींत कोणी म्हणालें कीं, इतक्या जुन्या उत्तरपत्रिका आतां शिल्लकही नसतील, आणि या पत्राचें काय करावें हें तेथें कोणाला समजणार नाहीं. तसेंही असेल. पोंच आली आहे. उत्तर अजून आलेलें नाहीं.